मिनी लेथकडून कामाचा जॉब कसा काढायचा: खोक्यापासून पहिल्या बुशपर्यंत

सात इंची मिनी लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापणारं यंत्र) घरी आला की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. खोकं फोडायचं, मशीन टेबलावर ठेवायचं, हाताला लागेल तो लोखंडी तुकडा चकमध्ये (जबड्यांच्या फिरत्या पकडीत) धरायचा आणि कट घ्यायचा. मशीन थरथरतं, जॉबवर (कापल्या जाणाऱ्या तुकड्यावर) लाटा उठतात, पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करताना) ब्लेड अडकून मोटर बंद पडते. मग कोणी म्हणतं मशीनच भंगार आहे, तर कोणी क्विक चेंज टूल पोस्टची (टूल झटपट बदलता येणाऱ्या धारकाची) ऑर्डर देऊन मोकळं होतं. दोन्हींनी काही सुटत नाही. या किमतीच्या मशीनची शेवटची जुळवणी कारखान्याने केलेली नसते. ती आपण करायची असते आणि ठरावीक क्रमाने करायची असते. ढिल्या जिबवर (सरकत्या भागाचा खेळ काढणाऱ्या पट्टीवर) हेडस्टॉक (स्पिंडल बसलेला डावा भाग) लाइनमध्ये आणत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

इथे गृहीत धरलेलं मशीन म्हणजे चिनी बनावटीचं ७×१२ किंवा ७×१४: बेडवर (मशीनच्या लांब पायावर) साधारण १८० मिमी व्यास फिरतो, सेंटरमधलं अंतर ३०० ते ३५० मिमी, चक ८० मिमी, स्पिंडलचं (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याचं) भोक २० मिमी, वजन चाळीस किलोच्या आसपास. स्पिंडलला मोर्स टेपर (ठरावीक मापाचं निमुळतं भोक) ३, टेलस्टॉकला (समोरच्या टोकाच्या आधाराला) २. रंग आणि नाव दुकानागणिक बदलतं, आतला सांगाडा जवळपास तोच. बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी प्लॅस्टिकची खेळणी वेगळी, त्यांना यातलं फारसं लागू पडणार नाही.

## आधी हाताशी काय हवं

डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) आणि मॅग्नेटिक स्टँड, ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर, व्हर्नियर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), ॲलन कीचा सेट, बारीक ऑइल स्टोन, आयएसओ व्हीजी ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल. डायल गेजशिवाय पुढचे निम्मे टप्पे अंदाजाने करावे लागतील, म्हणजे न केल्यासारखेच. चार जबड्यांचा चक, स्टेडी (लांब जॉबचा आधार), मिलिंग अटॅचमेंट यांचे पैसे आत्ता खिशातच राहू द्या.

सरावासाठी गंजलेली सळई किंवा जुना बोल्ट वापरू नका. सळई चिवट असते, फिनिश कधीच येत नाही आणि दोष कोणाचा हे कळत नाही. ईएन१ए ब्राइट बार घ्या, तो फ्री कटिंग असतो. सोबत ॲल्युमिनियम आणि पितळेचा एकेक तुकडा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर अशा भागांत असा माल मिळतो. लेथच्या वर्कशॉपमधून उरलेले तुकडे वजनावर मिळाले तर उत्तमच, फक्त मटेरियल कोणतं ते विचारून घ्या.

## टप्पा १: उघडा, धुवा, बर काढा

मशीनवर असलेला चिकट थर वंगणाचा नसतो, गंज लागू नये म्हणून लावलेला असतो. त्यात ग्राइंडिंगचा कीस आणि कधी कधी कास्टिंगची वाळू अडकलेली असते. क्रॉस स्लाइड आणि कंपाउंड स्लाइड (टूल आडवं आणि तिरकं सरकवणारे भाग) पूर्ण काढा, सॅडल (त्या जिच्यावर बसतात ती बेडवरची बैठक) सरकवून बेडच्या बाहेर घ्या, सगळं डिझेलने ब्रश मारून धुवा. इलेक्ट्रिकच्या डब्याजवळ आणि बेल्टवर डिझेल जाऊ देऊ नका.

मग प्रत्येक सरकत्या भागाच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं की बर (कडेवर उठलेला धारदार कंगोरा) आहे. ऑइल स्टोन तेल लावून सपाट धरायचा आणि फक्त बर जाईपर्यंत हलकेच घासायचा. बेडच्या पृष्ठभागाला एमरी पेपर लावायचा नाही. कानस तर अजिबातच नाही.

तपासा: जिब न लावता स्लाइड नुसती ठेवून हाताने सरकवा. मध्येच अडखळली तर बर किंवा घाण राहिली आहे.

## टप्पा २: बैठक आणि वीज

रबरी पाय काढून टाका. जाड, न लवचणाऱ्या बेंचवर मशीन बोल्टने बसवा. १८ मिमी प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवलेलेही चालतात. बोल्ट आवळण्याआधी चारही कोपऱ्यांखाली फीलर गेज घालून बघा. कुठे फट असेल तर तिथे तेवढ्याच जाडीची पत्री सरकवा, मग आवळा. फट तशीच ठेवून आवळलं की बेडला पीळ बसतो आणि प्रत्येक जॉब टेपर (निमुळता) निघतो. लोक मग हेडस्टॉकला दोष देतात.

थ्री पिनचं अर्थिंग खरंच लागलेलं आहे का ते टेस्टरवाल्याकडून बघून घ्या. आणखी एक चाचणी ज्यांच्याकडे वीज वरचेवर जाते त्यांनी करायचीच: चक रिकामा ठेवून मशीन कमी वेगाने चालू करा, भिंतीवरचं बटण बंद करा, थोडं थांबून परत चालू करा. मशीन आपोआप फिरायला लागलं तर ते तसं वापरायचं नाही. वीज गेल्यावर सुटणारा आणि हाताने दाबल्याशिवाय परत न लागणारा स्विच आधी बसवून घ्या.

## टप्पा ३: स्पिंडल

चकच्या मागे स्पिंडलच्या फ्लँजवर डायल गेज टेकवा. चकमध्ये लाकडी दांडा धरून वर-खाली जोर द्या. काटा ०.०१ मिमीपर्यंत हलला तर चांगलं, ०.०३ च्या पुढे गेला तर मागच्या बाजूच्या खाचेच्या नटांनी बेअरिंगचा खेळ काढायचा. थोडं आवळा, हाताने फिरवून बघा, पाच-दहा मिनिटं मध्यम वेगाने चालवा. हेडस्टॉक कोमट होणं ठीक आहे. हात ठेववत नसेल इतका तापला तर जास्त आवळलं गेलं.

मूळ बेअरिंग बहुधा ६२०६ बॉल बेअरिंग असतात. ती बदलून टेपर रोलर घालण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ३०२०६ ची जाडी १७.२५ मिमी आणि ६२०६ ची १६ मिमी, त्यामुळे स्पेसर (अंतर राखणाऱ्या कड्या) कमी करावे लागतात. मशीनच उघडं असताना ते टर्न करणार कशावर, हा प्रश्न कोणी आधी विचारत नाही. ७२०६ अँग्युलर कॉन्टॅक्ट १६ मिमीचंच असतं. तरीही सुरुवातीला या भानगडीत पडू नका. मूळ बेअरिंगवर भरपूर काम होतं.

## टप्पा ४: जिब (इथे घाई नको)

चॅटरचं (कापताना होणाऱ्या थरथराटाचं) मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. क्रॉस स्लाइडच्या बाजूला तीन-चार छोटे स्क्रू आणि त्यांचे लॉक नट असतात. सगळे नट ढिले करा. मधल्या स्क्रूपासून सुरुवात करून स्लाइड जड होईपर्यंत आवळा, मग प्रत्येक स्क्रू किंचित मागे घ्या. लॉक नट आवळताना स्क्रूसुद्धा फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ॲलन कीने स्क्रू धरून ठेवायचा आणि पान्याने नट आवळायचा. स्लाइड पूर्ण लांबीत एकसारखी, थोडी जड पण न अडखळता चालली पाहिजे.

सॅडलच्या खालच्या पट्ट्या जास्त त्रासदायक. तिथे काही स्क्रू पट्टी वर ओढतात, काही खाली ढकलतात. दोन्ही एकमेकांविरुद्ध पिळत गेलं की पट्टी वाकते किंवा तडकते. ढकलणारे स्क्रू पट्टीला जेमतेम टेकवायचे, मग ओढणारे आवळायचे, आणि दर वेळी सॅडल सरकवून बघायचं.

कंपाउंड स्लाइड टेपर किंवा थ्रेडिंगच्या कामाशिवाय लागत नाही, पण मशीनमधला सगळ्यात ढिला भाग तोच. तिची जिब इतकी आवळा की ती हलणारच नाही. काही जण ती काढून तिथे भरीव ठोकळा बसवतात. पैसे घालून करायची सुधारणा हवी असेल तर मी ही आधी करेन, टूल पोस्ट नंतर.

तपासा: टूल पोस्टवर डायल गेज टेकवून हाताने पुढे-मागे, वर-खाली जोर द्या. जोर काढल्यावर काटा जिथून निघाला तिथेच परत यायला हवा. नुसता लवचला तर चालेल, पण परत आलाच नाही तर खेळ शिल्लक आहे.

## टप्पा ५: चक, टेलस्टॉक, दोन कॉलरची चाचणी

चक काढून त्याची बैठक पुसा. एक कीस अडकला तरी जॉब आउट (केंद्राबाहेर) फिरतो. जबड्यांवर १, २, ३ आकडे असतात, त्याच क्रमाने स्क्रोलमध्ये (चकमधल्या जबडे सरकवणाऱ्या चकतीत) घाला. स्वस्त तीन जबड्यांच्या चकमध्ये ०.०५ ते ०.१ मिमी आउट येणं नेहमीचं आहे. त्याच्या मागे लागू नका, त्यावरचा उपाय सातव्या टप्प्यात आहे.

टेलस्टॉकसाठी स्पिंडलमध्ये एक सेंटर, टेलस्टॉकमध्ये दुसरा बसवा आणि दोन टोकांमध्ये दाढीचं पातं हलकेच धरा. पातं सरळ राहिलं तर ठीक. आडवं वळलं तर बाजूचा फरक, पुढे-मागे कललं तर उंचीचा.

आता २५ मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा तुकडा चकबाहेर १०० मिमी ठेवून धरा, टेलस्टॉक लावू नका. मधला भाग थोडा खोल काढून दोन्ही टोकांना एकेक कॉलर (जाड कडं) ठेवा. धारदार टूलने दोन्ही कॉलरवरून एकच हलका फिनिश कट न्या, क्रॉस स्लाइडला मध्ये हात लावायचा नाही. तसाच आणखी एकदा फीड न वाढवता फिरवा आणि दोन्ही व्यास मोजा. शंभर मिमीत ०.०२ फरक असेल तर पंचवीस मिमीच्या बुशवर (भोक असलेल्या छोट्या नळीवर) तो ०.००५ येतो, सोडून द्या. बाहेरची कॉलर बरीच मोठी निघाली तर स्पिंडलची रेषा तुमच्यापासून लांब, मागे वळलेली आहे. आधी बैठकीचे बोल्ट ढिले करून परत मोजा. फरक पडला नाही तरच हेडस्टॉकला हात लावा.

## टप्पा ६: टूलची धार आणि उंची

मशीनसोबत येणारी रंगीत ब्रेझ्ड कार्बाइडची टूल्स बहुधा धार न लावलेलीच असतात. ती वापरायला मोठं, ताकदवान मशीन लागतं. आपल्याकडे तीन-चारशे वॉटची मोटर, तिला धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) टूल लागतं. ८ किंवा १० मिमीचा चौकोनी बिट बेंच ग्राइंडरवर घासा: पुढे आणि बाजूला ८ ते १० अंशांचा क्लिअरन्स (टूल जॉबला घासू नये म्हणून मोकळा कोन), स्टीलसाठी वर १०-१५ अंशांचा रेक (वरच्या पृष्ठभागाचा उतार), पितळेसाठी रेक शून्य. पितळेला रेक दिला की टूल स्वतःच आत खेचलं जातं. शेवटी ऑइल स्टोनने टोकाला जेमतेम ०.३ मिमीची गोलाई द्या. मोठी गोलाई दिली की फिनिश सुधारण्याऐवजी चॅटर येतो. आयतं इन्सर्ट (तयार धारेचं, बदलता येणारं पातं) वापरायचं तर ॲल्युमिनियमसाठी मिळणारं चकचकीत, तीक्ष्ण कडेचं सीसीजीटी घ्या. ते या मशीनवर स्टीलसुद्धा हलक्या कटने चांगलं कापतं.

उंची बघायला स्टीलची पातळ पट्टी टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये हलकेच दाबा. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे कललं तर टूल खाली आहे, जॉबच्या दिशेने कललं तर वर. खाली असेल तर पत्री घाला. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनची पत्री साधारण ०.१ मिमी असते, बारीक फरकाला उपयोगी. एकदा जमलेली पॅकिंग त्या टूलसोबत रबर लावून ठेवा.

तपासा: फेसिंग करून (जॉबचं टोक सपाट कापत) टूल मध्यापर्यंत न्या. बोंड राहिलं तर उंची अजून चुकते आहे.

## टप्पा ७: एक बुश, शक्यतो एकाच पकडीत

उदाहरण म्हणून कॉलर असलेला बुश घेऊ: कॉलर २४ मिमी व्यास आणि ४ मिमी जाड, अंग २० मिमी, भोक १२ मिमी, एकूण लांबी २५. माल २५ मिमी ईएन१ए. हा बार २० मिमीच्या स्पिंडलमधून मागे जाणार नाही, म्हणून आधीच हॅकसॉने साठ-पासष्ट मिमीचा तुकडा कापा. चकबाहेर ३५ मिमी ठेवा: २५ बुशचे, २ पार्टिंगचे, बाकी चकपासून सुरक्षित अंतर.

चक आउट असला तरी ज्या पकडीत अंग टर्न केलं त्याच पकडीत भोक पाडलं, तर दोन्ही एकमेकांशी एकसेंटर राहतात. मध्येच जॉब काढून उलटा धरला की चकचा सगळा फरक बुशमध्ये उतरतो. म्हणून कॉलर चककडे ठेवायची आणि क्रम असा:

1. फेसिंग.
2. सेंटर ड्रिल. साध्या ड्रिलने सुरुवात केली की ते भटकतं.
3. बाहेरून रफिंग (जास्तीचा माल काढणं): २९ मिमी लांबीपर्यंत २४.३, त्यातला पुढचा २१ मिमी भाग २०.६ पर्यंत.
4. ड्रिलिंग: ५, मग ९, मग ११.८. खोली २८ मिमी. दर काही मिमीला ड्रिल बाहेर काढून कीस झाडा.
5. जॉब थंड होऊ द्या.
6. १२ मिमीचा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं टूल), ड्रिलच्या निम्म्याहून कमी वेगाने, भरपूर तेल लावून. रीमर उलटा फिरवायचा नाही.
7. बाहेरून फिनिश: कॉलर, मग अंग. नंतर चॅम्फर (कडा तिरकी छाटणं).
8. पार्टिंग.

रफिंग आधी आणि फिनिश ड्रिलिंगनंतर का? ड्रिलिंगला सगळ्यात जास्त जोर आणि उष्णता लागते, त्यात जॉब चकमध्ये किंचित सरकू शकतो. फिनिश आधी केलं तर तो फरक तसाच राहतो.

वेग काढायला ३२० ला कटिंग स्पीडने गुणा आणि व्यासाने भागा. एचएसएस टूलने या स्टीलला मिनिटाला ३० मीटर धरला तर २५ मिमीला सुमारे ३८० आरपीएम. ॲल्युमिनियमला ७५ मीटर धरायला हरकत नाही. गिअर लो रेंजमध्ये ठेवा. हायमध्ये नॉब खाली आणून हळू चालवलं की मोटरची ताकद जाते आणि ती तापते. कट व्यासावर १ मिमीपर्यंत. स्टीलला कटिंग ऑइल ब्रशने लावत राहा. पितळ कोरडंच कापतं, त्याचा कीस रव्यासारखा उडतो, म्हणून गॉगल विसरू नका.

सावध: रेंज बदलणं आणि दिशा बदलणं चक पूर्ण थांबल्यावरच. आतले नायलॉनचे गिअर आणि मोटरचा कंट्रोल बोर्ड बहुधा याच चुकीने जातात.

### माप कसं गाठायचं

इथे बरेच जण हँडलच्या डायलवर विश्वास ठेवून फसतात. बऱ्याच मशीनवर क्रॉस स्लाइडचं एक घर ०.०२५ मिमीचं असतं, पण तेवढं टूल पुढे गेलं की व्यास ०.०५ ने कमी होतो. शिवाय कटच्या जोराने जॉब आणि टूल एकमेकांपासून थोडे दबतात, म्हणून डायल सांगतो त्यापेक्षा कमी माल निघतो.

आता अंग २०.६ वर आहे, ०.६ काढायचं आहे. त्यातलं निम्मं, म्हणजे व्यासावर ०.३, आधी काढा: सहा घरं पुढे. मोजल्यावर २०.३० यायला हवं, पण समजा २०.३३ आलं. हा ०.०३ तुमच्या मशीनचा दाब. आता उरलेलं ०.३३ आहे, तेवढंच द्या: सहा घरं आणि वर अर्ध्याहून थोडं जास्त. कट जवळपास सारखाच असल्याने दाबही सारखाच राहतो आणि २०.०० च्या अगदी जवळ येता. मापासाठी शेवटी नुसता ०.०२ चा कट ठेवलात तर टूल कापण्याऐवजी घासत जातं आणि माप हाती लागत नाही.

हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवून मापावर या. पुढे गेलं तर अर्धा फेरा मागे घेऊन परत या, नाहीतर स्क्रूचा खेळ मध्ये येतो. आणि गरम जॉब मोजू नका: २० मिमीचं स्टील ४० अंश जास्त तापलेलं असेल तर सुमारे ०.०१ मिमी मोठं दिसतं, ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट.

## टप्पा ८: पार्टिंग

ब्लेड दीड-दोन मिमीचं, जितकं आत जायचंय त्याहून जेमतेम दोन मिमी जास्त बाहेर. इथे भोक असल्यामुळे कापायची भिंत सहाच मिमीची आहे. ब्लेड चकच्या तोंडाला समांतर लावा, उंची अगदी सेंटरला. सॅडलला लॉक नसेल तर लीड स्क्रू (सॅडल सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) फिरत नसताना हाफ नट (सॅडलला त्याच्याशी जोडणारा नट) लावा, बऱ्यापैकी धरून ठेवतो. वेग निम्मा, तेल सतत.

घाबरून अधूनमधून फीड थांबवणं ही इथली नेहमीची चूक. ब्लेड घासतं, पृष्ठभाग कडक होतो आणि पुढच्या क्षणी ब्लेड अडकतं. सलग, एकसारखा फीड द्या. आवाज किंचाळायला लागला तर वेग कमी करा, फीड नाही. तरीही जमलं नाही तर लाजायचं काही नाही: मशीन बंद करा, प्लग काढा, बेडवर लाकडी फळी ठेवा आणि हॅकसॉने कापा.

कापलेली बाजू साफ करायला बुश उलटा धरावा लागतो. जबड्यांखाली तांब्याची किंवा कॅनची पत्री घाला आणि फक्त फेसिंग व चॅम्फर करा. या पकडीत भोकाला किंवा व्यासाला हात लावायचा नाही.

सावध: चकची चावी हातातून सुटते ती फक्त रॅकवर, चकमध्ये एक क्षणही नाही. हातमोजे, अंगठी, कडं, ओढणी, पूर्ण बाह्या, मोकळे केस यातलं काहीही फिरत्या जॉबजवळ नको. कीस ब्रशने काढा, मशीन थांबवून. एमरीची पट्टी बोटाभोवती गुंडाळून फिरत्या जॉबला लावू नका.

## टप्पा ९: आटे

छोट्या आट्यांसाठी टॅप आणि डाय वापरा. ड्रिलच्या पकडीतच टॅप टेलस्टॉकच्या आधाराने सरळ धरा आणि चक हाताने फिरवा, मोटरने नाही. एम८ ला ६.८ चं भोक. टूलने आटे पाडायचे तर १.५ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) लीड स्क्रूवर १.५, ०.७५ आणि ०.५ पिचला हाफ नट कुठेही उघडून परत लावता येतो. १ किंवा १.२५ ला तो लावलेलाच ठेवायचा, टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवून परत यायचं.

## काम संपल्यावर

कीस झाडून बेडवर तेलाचा हात फिरवा. कोकणात, गोव्यात आणि पावसाळ्यात सगळीकडेच, मशीन प्लॅस्टिकने गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडून एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात. तेल लावलेलं सुती कापड टाका. महिन्यातून एकदा जिब परत तपासा, नव्या मशीनवर ती लवकर ढिली होते.

तीस मिमीपर्यंतचं स्टील, त्याहून थोडं मोठं ॲल्युमिनियम आणि पितळ, बुश, स्पेसर, पिन, नॉब, छोट्या पुली एवढं काम या मशीनवर मनासारखं होतं. गाडीचा ब्रेक ड्रम, लांब शाफ्ट, हार्डन केलेली रॉड असलं काही आलं तर सरळ मोठ्या लेथवाल्याकडे जॉब टाका.